सांधा नसलेली होडी

माझी ओळख करून देताना 'तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक' असं सांगितलं गेलं, आणि फलकावर विषय लिहिलाय फायबरच्या होडीचा इतिहास. पहिल्या दोन रांगांमधल्या काही चेहऱ्यांवर शंका दिसते आहे. ती रास्त आहे. मी अंधेरीत पन्नास वर्षं राहिलो. त्यातली पहिली पंचेचाळीस वर्षं समुद्राकडे मी फक्त संध्याकाळी फिरायला गेलो. होडीला हात लावला तो वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. त्यामुळे आज बोलणारा माणूस तज्ज्ञ नाही. एका जुन्या होडीची दुरुस्ती पहिल्यांदाच करायला गेलेला, त्यात बऱ्याच चुका केलेला, आणि त्या चुकांमुळे इतिहास वाचायला लागलेला असा हा माणूस आहे. इतिहास नंतर आला, खाज आधी आली. खाज म्हणजे शब्दशः खाज. ते पुढे सांगतो.

वेसाव्याचा माझा एक जुना विद्यार्थी आहे. 'वर्सोवा' हे मेट्रोच्या पाटीवरचं नाव झालं. तिथली माणसं वेसावेच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणणार. हा मुलगा कोळीवाड्यातला, आता बँकेत अधिकारी. त्याच्या घराची एक अठरा फुटी फायबरची होडी खाडीच्या काठावर सात-आठ वर्षं उलटी पडून होती. मोठ्या बोटीवर जायला-यायला आणि खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायला ती वापरत. मी एकदा त्याच्याकडे जेवायला गेलो असताना सहज म्हणालो, "ही नीट करता येणार नाही का?" तो हसला. त्याचे वडील, त्यांना मी नाखवा म्हणतो, ऐंशीच्या घरात आहेत. ते म्हणाले, "सर, घेऊन जा. जागा तरी मोकळी होईल." घेऊन जाणार कुठे? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. तेव्हा होडी तिथेच राहिली आणि मी रोज सकाळी रिक्षाने तिच्याकडे जाऊ लागलो.

आता होडीकडे परत येण्याआधी थोडं मागे जाऊ या. कारण मी जी पहिली चूक केली ती हाताची नव्हती, समजुतीची होती, आणि ती समजूत ऐतिहासिक आहे.

होडीचा इतिहास लाकडाचा, शिडाचा, इंजिनाचा म्हणून सांगतात. मला तो सांध्याचा इतिहास वाटतो. एक लाकूड दुसऱ्याला कसं धरून ठेवतं, एवढाच प्रश्न. अरबी समुद्रात फार जुन्या काळापासून होड्या शिवलेल्या असत. फळीच्या कडेला भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीने एक फळी दुसरीला शिवायची. मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजं पाहिली आणि त्याला ती भलतीच कच्ची वाटली. केरळातल्या केट्टुवल्लमचं नावच बांधलेली होडी असं आहे. शिवणीची गंमत अशी की ती उसवता येते. फळी कुजली, दोरी कापा, फळी काढा, नवी घाला, पुन्हा शिवा. पुढे लोखंडी खिळा सर्रास झाला. खिळ्याने होडी घट्ट झाली, पण उसवण्याची सोय कमी झाली. तरी फळी काढता येत होतीच. मग दोन फळ्यांच्या मधल्या फटीत कापूस किंवा काथ्या ठोकून बसवायचा, वरून तेल आणि राळ. हा 'राळ' शब्द लक्षात ठेवा. बाजारात आज आपण डबा घेतो त्यावर 'रेझिन' लिहिलेलं असतं. तो याच शब्दाचा इंग्रजी भाऊ. झाडाची राळ जाऊन कारखान्याची राळ आली, एवढं एक वाक्य म्हणजे माझ्या विषयाचा निम्मा इतिहास आहे.

आपला हा सगळा किनारा होड्या बांधणाऱ्यांचा होता. वसईजवळची आगाशी पोर्तुगीज काळात जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या दिवसांत, वेसावे आणि मढ पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. खाडीच्या तोंडाशी किल्ला होता तो याच पाण्यावर नजर ठेवायला. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि मुंबईच्या गोदीत त्यांच्या घराण्याने पुढची दीडशेच्या आसपास वर्षं जहाजं बांधली. त्यातलं 'त्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलं. मलबारी सागवानाचं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. दोनशे वर्षांनंतर! लाकूड चांगलं हे खरं, पण ते टिकलं याचं दुसरं कारण म्हणजे ते उघडता येत होतं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याची दुरुस्ती झाली तेव्हा कारागिरांना कुजलेलं लाकूड काढून त्या जागी नवं बसवता आलं.

कोळीवाड्यातली होडी त्याच शास्त्राची धाकटी बहीण. खालचं मुख्य लांब लाकूड म्हणजे पठाण. पुढचं टोक म्हणजे नाळ. आत बरगड्यांसारखी वाकडी लाकडं. ही वाकडी लाकडं कापून वाकडी करायची नसतात. मुळात वाकडी वाढलेली बाभळीची फांदी शोधायची, म्हणजे तंतू तुटत नाहीत. नाखवा सांगतात, त्यांचे आजोबा बैलगाडीतून जाताना झाडांकडे बघायचे आणि म्हणायचे, ही फांदी होडीची. झाडात होडी दिसणारी ती नजर. (माझ्या विषयात ॲरिस्टॉटलचं साहित्यकारण आणि आकारकारण शिकवताना मी वर्षानुवर्षं संगमरवर आणि पुतळ्याचं उदाहरण दिलं. अंधेरीत शिकवत होतो! तीन किलोमीटरवर त्याहून चांगलं उदाहरण होतं.)

आणि दरवर्षी पावसाळा. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. हे कोळ्यांनी स्वतः पाळलेलं बंधन. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस कायद्याने बंदी असते. त्या काळात होडी किनाऱ्यावर ओढायची, तळ खरवडायचा, फटी तपासायच्या, माशाचं तेल पाजायचं. पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, त्याच्यापासून वाचवायला हे सगळं. यात सुतार लागे, घरातली माणसं लागत, शेजारी लागत. होडीची दुरुस्ती हा प्रसंग नव्हता, तो ऋतू होता.

आता फायबर. १९३२ मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे केसासारखे बारीक धागे उडाले. बघा, तिथेही शोध सांध्याचाच चालला होता. त्यातून काचेचा कापूस आला, १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. त्याच दशकात पॉलिएस्टर राळ तयार झाली. ही राळ पातळ असते. तिच्यात थोडं रसायन टाकलं की ती घट्ट होते आणि पुन्हा कधीही पातळ होत नाही. मेण वितळतं, ही वितळत नाही. काचेचं कापड आणि ही राळ एकत्र आली की फायबरग्लास. ओहायोतच टोलीडो शहरात रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास अशी होडी केली. युद्धात विमानांच्या रडारवरची आवरणं याच मालाची होती. युद्ध संपलं, कारखाने राहिले, आणि श्रीमंत देशांतल्या लोकांच्या हौसेच्या होड्या फायबरच्या झाल्या.

आपल्याकडे हे हौसेतून आलं नाही, टंचाईतून आलं. लाकूड महागलं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक आदेश दिले. जंगलाच्या दृष्टीने ते आवश्यकच होतं. पण होडीच्या लाकडाला पर्याय शोधावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७९ मध्ये मद्रासला बंगालच्या उपसागरासाठी एक प्रकल्प सुरू केला. लाटांतून थेट वाळूवर उतरणाऱ्या फायबरच्या होड्या त्यांनी करून पाहिल्या. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर फायबरचा थर चढवण्याचे प्रयोग केले. मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. तमिळनाडूत कट्टुमरम वाहून गेले, आणि मदतीत ज्या होड्या वाटल्या गेल्या त्या मोठ्या प्रमाणावर फायबरच्या होत्या. एका पिढीत किनारा बदलला. आमच्याकडे मोठ्या बोटी लाकडाच्या राहिल्या, बऱ्याच बोटींवर 'फायबर मारून घेतलं' गेलं, आणि लहान होड्या फायबरच्या झाल्या.

ही होडी विकताना काय सांगितलं जायचं? सांधा नाही. फट नाही. कुजत नाही. किडा लागत नाही. दुरुस्ती नाही. नाखव्यांनी होडी घेतली तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं होतं, आणि हे सगळं जवळजवळ खरं आहे. माझा आजचा विषय त्या 'जवळजवळ'मध्ये आहे.

मीही हेच गृहीत धरून कामाला लागलो. फायबर कुजत नाही, म्हणजे होडी आतून ठणठणीत असणार; वरचा रंग गेलाय, चार तडे गेलेत, ते भरले की झालं. पहिला महिना मी खरवडण्यात घालवला. रोज सकाळी दोन तास. मग पांढरा रंग दिला, खाली निळा पट्टा. होडी इतकी सुंदर दिसायला लागली की मी मोबाइलवर फोटो काढून सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवला.

नाखवा एका संध्याकाळी आले. त्यांच्या हातात लाकडी मूठ होती, हातोडीची, लोखंड निखळलेली. त्यांनी होडीकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "सर, होरी बघू नका. ऐका." आणि ते ठोकत निघाले. टण, टण, टण. कुशीला टण, नाळीला टण. मागच्या फळीपाशी आले, जिच्यावर मशीन लटकवतात ती, आणि आवाज आला: बद्द. पुन्हा, बद्द. मग त्यांनी मूठ माझ्या हातात दिली आणि चहा प्यायला गेले. एकही शब्द बोलले नाहीत. मी पन्नास वर्षांत इतकं परिणामकारक प्रात्यक्षिक कधी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आतलं कातडं कापलं. आतून काळपट पाणी आलं आणि मागोमाग लगदा. कुंडीतल्या कुजलेल्या पाल्यासारखा वास. होडी फायबरची म्हणतात, पण मागच्या फळीत ताकद यावी म्हणून दोन फायबरच्या थरांच्या मध्ये प्लायवुड असतं. तळाच्या लांब पट्ट्यांतही लाकूड असतं. मशीनचे बोल्ट त्या फळीतून आरपार जातात. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं एकेक थेंब आत गेला. लाकडी होडीत पाणी शिरलं तर ते बाहेर दिसतं, फळी काळी पडते, आणि उन्हात वाळतेही. इथे पाणी आत गेलं की बाहेर यायला वाट नाही. जो गुण म्हणून विकला गेला, तोच झाकण झाला.

म्हणजे सांधा नसलेली होडी असं काही नसतंच. सांधा होता. तो लाकूड आणि फायबर यांच्या मध्ये होता, दिसत नव्हता, आणि न दिसल्यामुळे त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, आणि नाव नसल्यामुळे त्याची काळजी घेणारा ऋतूही नव्हता.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला, तो थोडा वेळ सहन करा. प्लुटार्कने थिसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. तीस वल्ह्यांचं ते जहाज अथेन्सच्या लोकांनी शतकानुशतकं जपलं. फळी कुजली की काढायची, नवी घालायची. मग तत्त्ववेत्ते भांडत: हे तेच जहाज का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज उभं केलं तर खरं कुठलं? आपल्याकडे राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथ आहे: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? आणि आपले नैयायिक तर या बाबतीत फार कडक. त्यांच्या मते कापडातून एक धागा काढला की जुनं कापड नष्ट झालं आणि 'खंडपट' नावाचं नवंच कापड जन्माला आलं. मी हे सगळं वर्गात उत्साहाने शिकवलं. पण या सगळ्या थोर मंडळींनी एक गोष्ट धरून चालली आहे. वस्तूचे अवयव वेगळे काढता येतात. फळी आहे, धागा आहे, चाक आहे. माझ्यासमोरच्या होडीत काढायला फळीच नव्हती. एकच कातडं आणि आत चिखल. थिसिअसचं कोडं फायबरच्या होडीला विचारताच येत नाही. तिला विचारायचा प्रश्न अगदी साधा निघाला: नवं जुन्याला चिकटेल का?

आणि ते चिकटत नाही! हे मी पैसे घालवून शिकलो. ओली राळ ओल्या राळेशी एकजीव होते, पण वाळलेल्या जुन्या फायबरवर नवा थर दिला तर रासायनिक मीलन जवळजवळ होत नाही. नवा थर फक्त जुन्याला धरून बसतो. त्याला धरायला काहीतरी हवं. म्हणून जुनं फायबर घासून घासून खरखरीत करायचं, आणि कडेला लांब उतार द्यायचा. जाडी एक बोट असेल तर उतार बारा बोटं. मी पहिला ठिगळ गुळगुळीत पृष्ठभागावर लावला होता. छान बसला होता. चार दिवसांनी फायबरच्या मिस्त्रीने नखाने कोपरा उचलला आणि चपातीसारखा पूर्ण सोलून माझ्या हातात दिला.

हा मिस्त्री मूळचा आझमगढचा. फायबर तो होडीवर शिकला नाही. तो शिकला मढकडच्या सिनेमाच्या सेटवर, फायबरचे खांब आणि देवळाचे कळस करता करता. त्याआधी पाण्याच्या टाक्यांवर. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. लाकडी होडीचं ज्ञान कोळीवाड्यात जन्मलं, होडीसोबत वाढलं. फायबरचं ज्ञान सिनेमाच्या सेटवरून होडीवर आलं. त्याला 'मॅट', 'रोव्हिंग', 'हार्डनर' हे शब्द माहीत. 'पठाण' म्हटलं की तो हसतो. आणि नाखव्यांच्या नातवालाही आता पठाण म्हणजे काय ते सांगावं लागतं. दोष कुणाचाच नाही. पण मधल्या मध्ये होडीची दुरुस्ती येणारा माणूस कुणी उरलाच नाही. एकाला समुद्र कळतो, एकाला रसायन कळतं. आणि तिसरा मी, ज्याला दोन्ही कळत नव्हतं, तो मुकादम!

चुका सांगतो म्हटलं होतं. हार्डनर राळेच्या एक ते दोन टक्के टाकायचा असतो. मी 'लवकर होऊ दे' म्हणून अंदाजाने ओतला. प्लास्टिकचा मग पाच मिनिटांत तापला, धूर निघाला, मग वितळून खाली बसला. सुदैवाने मी तो वाळूत फेकला होता. आणखी एक गोष्ट मिस्त्रीने पहिल्याच दिवशी दम देऊन सांगितली ती इथेही सांगतो, कारण कुणी उद्या उत्साहाने करायला जाईल: हार्डनर आणि कोबाल्ट, ज्याला ते एक्सिलेटर म्हणतात, हे दोन कधीही थेट एकत्र करायचे नाहीत. भडका उडतो. एक आधी राळेत पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.

दुसरी चूक पंचांगाची. मी मे अखेरीस थर द्यायला घेतले. जूनची हवा तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीला पाणी सुटतं. राळ आठ-आठ दिवस चिकट राहिली. शेवटी सगळं खरवडून काढलं. ज्या समाजाने पावसाळा हा दुरुस्तीचा ऋतू मानला, त्यांच्या होडीचा माल असा निघाला की पावसाळ्यात तिला हात लावता येत नाही. दुरुस्ती करायची ती दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा होडी समुद्रावर असायला हवी. हा विरोध मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. तो अंगावर घेतला तेव्हा कळला की नुसता माल बदलला नाही, वर्ष बदललं.

आणि धूळ. फायबर घासलं की काचेची कुसं उडतात. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हे सगळं हवं. मी पहिल्या दिवशी सदऱ्यावर रुमाल बांधून गेलो. तीन दिवस खाज. बायकोने कपडे दाराबाहेर काढायला लावले, आणि वॉशिंग मशीनला हात लावायचा नाही असं बजावलं. तिचा सहभाग आणखी एका प्रसंगात आहे. मागच्या फळीसाठी मी मरीन प्लाय आणला. त्याला आयएस ७१० हे मानांकन असतं. तो उकळत्या पाण्यात ७२ तास टिकला पाहिजे. एका दुकानदाराने शिक्का दाखवून दिला. मला शंका आली म्हणून घरच्या पातेल्यात तुकडा उकळत ठेवला. दोन तासांत त्याची पानं सुटली, पुस्तक भिजावं तशी. गॅस किती गेला याचा हिशोब मला अजूनही ऐकवला जातो. दुसरा प्लाय दुसऱ्या दुकानातून आणला, तो टिकला. पातेलं मात्र गेलं.

डिसेंबर ते फेब्रुवारी काम चाललं. नवी फळी, तिच्या सगळ्या कडा राळेने बंद, बोल्टची भोकं आधी मोठी पाडून, राळेने भरून, मग त्यात पुन्हा लहान भोकं, म्हणजे पाण्याला लाकूड दिसतच नाही. हे शेवटचं नाखव्यांनी सुचवलं. लाकडी होडीत खिळ्याभोवती काथ्या भरायचे त्यावरून. म्हणजे जुनं ज्ञान गेलं नव्हतं; त्याला कुणी विचारलं नव्हतं. खर्चाचं विचाराल तर, विद्यार्थ्याने हिशोब केला आणि म्हणाला, "सर, थोडे अजून घातले असते तर नवीच आली असती." खरं आहे.

मग जुनीच का? याचं उत्तर मला खाडीच्या काठाने चालताना मिळालं. वेसाव्यापासून थोडं आत गेलात, तिवरांच्या बाजूला, की जुन्या फायबरच्या होड्या पडलेल्या दिसतात. लाकडी होडी म्हातारी झाली की तिची फळी दार होते, बाकडं होते, शेवटी चुलीत जाते. तिला मरण होतं. फायबर वितळत नाही, कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर. ते नुसतं ऊन खातं आणि झिजतं. त्याच्या कुसा कुठे जातात? इंग्लंडमध्ये चिचेस्टर बंदरात ब्रायटन आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी तपासलं; २०२४ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. कालवांच्या आणि शिंपल्यांच्या शरीरात काचेचे तंतू सापडले. फ्रान्समध्ये २०१९ पासून जुन्या हौशी होड्या मोडीत काढण्याची देशव्यापी व्यवस्था आहे, तिचा पैसा नवी होडी बनवणाऱ्यांकडून येतो. आपल्याकडे ओहोटीच्या वेळी खडकांवर बायका कालवं फोडायला जातात, त्याच खाडीच्या तोंडाशी. वेसाव्यातच केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, १९६१ ची. चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या कुण्या तरुण संशोधकाने आमची कालवं एकदा तपासावीत असं मला मनापासून वाटतं. कोळणीच्या टोपलीत काय येतं हा प्रश्न आहे, आणि तो विकत घेणाऱ्या आपलाही आहे.

एक गोष्ट राहिली. होडी तयार झाल्यावर कागदपत्रं. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली, आणि ते समजण्यासारखं आहे; हल्लेखोर मासेमारी बोटीतूनच आले होते. नाळीवर क्रमांक रंगवावा लागतो. विद्यार्थ्याने विचारलं, "सर, जुना नंबर टाकायचा ना?" मी थिसिअस, हॉब्ज, खंडपट सगळं आठवत उभा राहिलो. नाखवा म्हणाले, "नंबर तोच, तर होरी तीच." नैयायिकांना हे पटलं नसतं. मी ब्रश घेतला.

होळीच्या आधी होडी पाण्यात उतरवली. नारळ वाढवला. नाखवा बसले, मिस्त्री बसला, मी बसलो, विद्यार्थ्याने मशीन चालू केलं. मढच्या बाजूला जाऊन परत आलो. पायाशी थोडं पाणी दिसलं. मी घाबरलो. नाखव्यांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "गोडं आहे." माझ्याच बाटलीचं होतं.

दोन मोसम ती चालली. या जूनमध्ये पुन्हा ओढून उलटी ठेवली, वर ताडपत्री. मागच्या रविवारी नाखव्यांचा नातू तीच लाकडी मूठ घेऊन ठोकत निघाला. आता तोही ऐकतो. नाळीच्या डाव्या बाजूला, जिथे मी रंग दिला होता आणि बाकी काहीच केलं नव्हतं, तिथे आवाज बद्द आला. दिवाळीनंतर उघडणार आहोत.